अलाइनमेंटनंतर ट्रकचे स्टिअरिंग वाकडे राहिले तर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझा सहाचाकी ट्रक जालन्याहून सळई भरून बीडमार्गे सोलापूरपर्यंत जातो. पुढचे दोन्ही टायर नवे टाकल्यावर व्हील अलाइनमेंट करून घेतले. तेव्हापासून गाडी सरळ चालते, हात सैल केले तरी कोणत्याही बाजूला ओढत नाही. परंतु सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचा आडवा दांडा उजवीकडे झुकलेला राहतो. रिमवर मोजले तर दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक भरतो. अलाइनमेंटवाल्यांनी ‘चालवता चालवता जागेवर येईल’ असे सांगितले. ओळखीचे मिस्त्री म्हणतात की, स्टिअरिंग काढून एक दाता सरकवून बसवू, थोडक्यात काम होईल. त्यांचे ऐकावे का?
— एक ट्रकमालक, जालना

उत्तर : मिस्त्रींना स्टिअरिंग काढू देऊ नका. चालवता चालवता ते जागेवर येईल, हेही खरे नाही, कारण ज्या दांड्यांच्या लांबीमुळे ते वाकडे दिसते आहे, त्या दांड्या चालवण्याने लांब किंवा आखूड होत नाहीत. तुमच्या गाडीतील दोष लहान आहे आणि तो योग्य जागी दुरुस्त केला तर फार खर्चाचाही नाही. चुकीच्या जागी दुरुस्त केला तर मात्र आज जे केवळ डोळ्यांना खटकते, ते उद्या हाताला जाणवू लागेल.

आधी हा फरक कशामुळे पडला ते पाहू. तुमच्या ट्रकला पुढे अखंड एक्सल आहे. स्टिअरिंग फिरवले की कॉलममधून फेरी गिअरबॉक्सपर्यंत जाते, गिअरबॉक्सबाहेरची ड्रॉप आर्म पुढे-मागे होते, ती ड्रॅग लिंकला ढकलते किंवा ओढते आणि ड्रॅग लिंक उजव्या चाकाला वळवते. डाव्या चाकाला गिअरबॉक्सकडून थेट काहीच मिळत नाही. ते टाय रॉडने उजव्या चाकाशी बांधलेले असते आणि त्याच्या मागोमाग वळते. म्हणजे टाय रॉडचे काम दोन चाकांमधला आपसातील कोन, ज्याला अलाइनमेंटवाले ‘टो’ म्हणतात, तो राखण्याचे आणि ड्रॅग लिंकचे काम चाके व स्टिअरिंग यांचा मेळ राखण्याचे.

अलाइनमेंट करताना टाय रॉड लांब किंवा आखूड केला की डावे चाक उजव्याच्या तुलनेत थोडे वळते. गाडी रस्त्यावर सरळ धावू लागली की हा बदल दोन्ही चाके निम्मा-निम्मा वाटून घेतात. उजव्या चाकाच्या वाट्याला आलेला निम्मा भाग ड्रॅग लिंकमधून उलट गिअरबॉक्सकडे जातो आणि स्टिअरिंग तेवढे फिरलेले दिसते. त्यामुळे टो अगदी अचूक बसवूनही स्टिअरिंग वाकडे होऊ शकते, किंबहुना टो बराच बदलावा लागला असेल तर ते व्हायलाच हवे. टायरचा व्यास साधारण एक मीटर आणि स्टिअरिंगचे गुणोत्तर सुमारे 20 ला 1 धरले, तर एकूण टोमध्ये 10 मिलिमीटरची दुरुस्ती केल्यावर प्रत्येक चाक साधारण पाव अंशापेक्षा थोडे अधिक वळते आणि स्टिअरिंग जवळपास 6 अंश फिरते. मोठ्या ट्रकच्या स्टिअरिंगच्या रिमवर हे अंतर सव्वादोन-अडीच सेंटिमीटर होते. तुम्ही मोजलेला फरक नेमका एवढाच आहे. म्हणजे जुन्या टायरवर तुमचा टो बराच बिघडलेला होता, तो केंद्रावर बहुधा नीट बसवला गेला, परंतु त्यानंतर ड्रॅग लिंक जुळवण्याचे उरलेले काम कोणी केले नाही. हेच स्टिअरिंग 25 किंवा 30 अंश वाकडे झाले असते, तर मी टोकडे बोट दाखवले नसते. तेवढा फरक पडायला दुसरे काहीतरी सरकलेले, वाकलेले किंवा उलट-सुलट जोडलेले असावे लागते.

आता स्टिअरिंग काढून दाता सरकवण्याविषयी. गिअरबॉक्सच्या आतले दाते सगळीकडे सारखे घट्ट नसतात. नेमक्या मध्यभागी, म्हणजे गाडी सरळ जात असताना जिथे ते असायला हवेत तिथे, त्यांच्यातली मोकळीक मुद्दाम सर्वांत कमी ठेवलेली असते आणि दोन्ही बाजूंना वळताना ती वाढत जाते. ट्रकचे बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावर जाते, म्हणून घट्टपणाही तिथेच हवा. स्टिअरिंग काढून सरळ बसवले, तर ते डोळ्यांना सरळ दिसते, पण गिअरबॉक्स होता तसा मध्यापासून सरकलेलाच राहतो. सरकलेपणा जास्त असेल तर सरळ रस्त्यावर प्ले, म्हणजे नुसती मोकळी हालचाल, जाणवतो, चालकाला सतत बारीक-बारीक दुरुस्ती करावी लागते, आणि मग कोणीतरी तो प्ले काढण्यासाठी गिअरबॉक्सचा स्क्रू आवळतो, ज्यामुळे दाते मध्यावर येताच जाम होऊ लागतात. काही पॉवर स्टिअरिंगमध्ये चाक पूर्ण वळण्याच्या जरा आधी तेलाचा दाब सोडण्याची व्यवस्था असते. मध्य सरकला की ती एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा काम करते. शिवाय स्टिअरिंगच्या शाफ्टवर समजा 36 दाते असतील, तर एक दाता म्हणजे 10 अंश. तुमचा फरक 6 अंशांचा आहे, तेव्हा एक दाता सरकवल्यावर ते डावीकडे 4 अंश झुकेल. ज्या उपायाने मूळ दोष जात नाही आणि दिसायलाही पूर्ण सरळ होत नाही, तो करण्यात अर्थ नाही.

योग्य काम असे होते. गाडी सपाट फरशीवर किंवा पिटवर उभी करावी, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावावेत आणि इंजिन बंद ठेवावे. प्रथम टाय रॉड एंड, ड्रॅग लिंकचे बॉल जॉइंट, किंगपिन (पुढचे चाक ज्या पिनभोवती वळते ती) आणि व्हील बेअरिंग यांतला प्ले तपासावा. यातला एखादा भाग सैल असेल तर तो बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण सैल जोडावर केलेले मोजमाप पहिल्या खड्ड्यात बदलते. मग ड्रॅग लिंकचे एक टोक सोडवून गिअरबॉक्सचा खरा मध्य शोधावा. बऱ्याच गिअरबॉक्सवर शाफ्ट आणि बॉडी यांच्यावर मध्याची खूण असते. ती घासली गेली असेल तर स्टिअरिंग हलक्या हाताने एका टोकाला नेऊन तिथून दुसऱ्या टोकापर्यंतच्या फेऱ्या मोजाव्यात. साडेचार फेऱ्या भरल्या, तर सव्वादोनवर मध्य. टोकाला पोहोचल्यावर जोर लावू नये.

या मध्यावर स्टिअरिंगचा दांडा आडवा दिसला, तर स्टिअरिंग आणि कॉलम आपापल्या जागी आहेत आणि दोष फक्त ड्रॅग लिंकच्या लांबीत आहे. तुमच्या गाडीत असेच निघेल असे मला वाटते. मध्यावरही दांडा वाकडाच दिसला, तर कॉलमचा जॉइंट किंवा स्टिअरिंग पूर्वी कधीतरी चुकीच्या दात्यावर बसवलेले आहे, आणि केवळ त्याच स्थितीत ते काढून पुन्हा बसवणे योग्य ठरते. ड्रॉप आर्मकडेही एकदा पाहावे. तिच्यावर आणि शाफ्टवर जुळणाऱ्या खुणा असतात. ती एका दात्याने जरी चुकली, तरी स्टिअरिंगवर अर्ध्या फेरीइतका फरक पडू शकतो.

यानंतर स्टिअरिंग मध्यावर धरून ठेवावे, पुढची चाके मागच्या चाकांच्या रेषेत सरळ करावीत आणि ड्रॅग लिंकचे सुटे टोक आपल्या भोकात ओढाताण न करता बसेल इतकी तिची लांबी जुळवावी. लांबी वाढवायची की कमी करायची, हे गिअरबॉक्स एक्सलच्या पुढे आहे की मागे आणि ड्रॉप आर्म कोणत्या दिशेने झुलते यावर ठरते, म्हणून सर्व गाड्यांना लागू पडेल असा एकच नियम मी सांगत नाही. वर सांगितलेल्या पद्धतीत त्याची गरजही पडत नाही. ज्या लिंकच्या दोन टोकांना उलट-सुलट आटे असतात, तिचे क्लॅम्प सैल करून नळी फिरवली की लांबी बदलते. फक्त एका टोकाला आटे असतील तर ते टोक बाहेर काढून अर्ध्या-अर्ध्या फेरीने फिरवावे लागते. ड्रॅग लिंक फिरवल्याने टो बदलत नाही, त्यामुळे केंद्रावर झालेले काम वाया जाईल अशी भीती नको.

जोडणी करताना घाई करू नये, आणि हे मी कळकळीने सांगतो. टाय रॉड सुटला तर एक चाक ताब्याबाहेर जाते. ड्रॅग लिंक सुटली तर दोन्ही जातात आणि चालकाच्या हातात नुसते फिरणारे स्टिअरिंग उरते. मांजरसुंब्याच्या घाटात सळई भरलेल्या गाडीला असे झाले, तर ब्रेक कितीही चांगले असले तरी गाडी रस्त्यावर ठेवता येणार नाही. म्हणून आटे क्लॅम्पच्या खाचेच्या पलीकडे आतपर्यंत गेलेले आहेत हे पाहावे, क्लॅम्पचे बोल्ट कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत आणि बॉल जॉइंटच्या नटाला नवी स्प्लिट पिन घालावी. पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळावा, मागे सैल करू नये. लिंक वाकलेली आढळली तर ती बदलावी. तापवून सरळ केलेली किंवा वेल्डिंग केलेली ड्रॅग लिंक कोणत्याही गाडीत असू नये. शेवटी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून टायर लिंकला, पाट्याला (एक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगला) किंवा ब्रेकच्या नळीला लागत नाही ना, हे पाहावे आणि मगच गाडी बाहेर काढावी.

प्रश्न : लातूरच्या बाजारातून सोयाबीन आणि तूर भरून नेणाऱ्या ट्रकवर मी चालक आहे. रिकामी गाडी सरळ जाते, भरल्यावर डावीकडे ओढते, म्हणून स्टिअरिंग कायम उजवीकडे धरावे लागते. अलाइनमेंट केंद्रावर स्टिअरिंग सरळ करून दिले, तरी ओढणे गेले नाही.
— एक चालक, लातूर

उत्तर : आपला प्रश्न वरच्या प्रश्नासारखा दिसला तरी तो वेगळा आहे. हात सैल केल्यावर गाडी सरळ जाते आणि फक्त दांडा वाकडा दिसतो, तेव्हा दोष जुळवणीचा असतो. हात सैल केल्यावर गाडीच बाजूला जाते, तेव्हा दोष ओढण्याचा असतो. दुसऱ्या प्रकारात ड्रॅग लिंक फिरवून स्टिअरिंग सरळ दिसेल असे करणे म्हणजे आजाराची खूण पुसणे होय. आपल्या गाडीत तेच झाले आहे.

रस्त्यावरचे पाणी उतरावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो आणि आपण डावीकडून चालत असल्याने प्रत्येक गाडी थोडी डावीकडे झुकतेच. त्यात आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरच्या जुन्या रस्त्यांच्या कडा दबून हा उतार कित्येक ठिकाणी वाढलेला असतो. म्हणून परीक्षा एखाद्या सपाट, रुंद आणि मोकळ्या रस्त्यावर घ्यावी. तिथे गाडी सरळ गेली तर दोष रस्त्याचा आहे.

तिथेही ओढत असेल, तर टायर थंड असताना दोन्ही पुढच्या टायरांतील हवा मोजावी आणि नंतर त्यांची अदलाबदल करावी. ओढण्याची बाजू बदलली तर कारण टायरमध्ये आहे. काही किलोमीटर कमीत कमी ब्रेक लावून चालवल्यावर डाव्या हबची उष्णता उजव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त वाटली, तर त्या बाजूचा ब्रेक पूर्ण सुटत नाही. हबला थेट हात लावू नका, जवळ हात नेला तरी समजते.

फक्त भरल्यावरच ओढते, हा आपण दिलेला तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भार आल्यावर जे बदलते ते म्हणजे पाटे. डाव्या बाजूचा एखादा पाटा तुटलेला किंवा बसलेला असेल, तर भरल्यावर ती बाजू जास्त दबते, एक्सलचा पुढे-मागे असणारा कल, म्हणजे कॅस्टर, दोन बाजूंना वेगळा होतो आणि ज्या बाजूला कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. सपाट जागी गाडी भरलेली असताना दोन्ही बाजूंनी चेसिसची जमिनीपासूनची उंची मोजा, पोती एका अंगाला जास्त लागलेली नाहीत याचीही खात्री करा आणि पाट्यांचा एकेक पान बॅटरीच्या उजेडात तपासा. पाट्याखालची पाचर एका बाजूला उलटी बसली असली तरी हाच परिणाम होतो. पुढचा एक्सल वाकल्याचे निघाले तर तो तापवून किंवा ठोकून सरळ करण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न : बीडजवळ आमच्या गाडीच्या मागच्या पाट्यांचे काम केले. त्यानंतर स्टिअरिंग डावीकडे झुकले. पुढचे काही उघडलेलेच नव्हते. मागून येणारे चालक सांगतात की, गाडी तिरकी चालते.
— एक ट्रकमालक, बीड जिल्हा

उत्तर : मागून येणाऱ्या चालकांनी तुमचे निदान करून ठेवले आहे. मागचा एक्सल चेसिसला काटकोनात नसला की तो गाडीला बाजूला ढकलतो आणि सरळ जाण्यासाठी पुढची चाके त्याच कोनात वळवून धरावी लागतात. दोन पाट्यांमधले अंतर साधारण एक मीटर असेल आणि एक्सलची एक बाजू 5 मिलिमीटरच पुढे सरकली असेल, तरी स्टिअरिंगवर 6 अंशांच्या आसपास फरक दिसतो. पाट्यांचे काम करताना सेंटर बोल्टचे डोके एक्सलच्या भोकात नीट बसले नाही, सेंटर बोल्ट तुटला किंवा यू बोल्ट सैल राहिले, तर असे होते.

यासाठी मशिनची वाट पाहण्याची गरज नाही. गाडी सिमेंटच्या सपाट जमिनीवर सरळ उभी करा. चेसिसवर दोन्ही बाजूंना समोरासमोर असलेली भोके निवडा, तिथून आणि मागच्या एक्सलच्या दोन्ही टोकांवरच्या सारख्या जागांवरून ओळंबे सोडा आणि टोकाखाली खडूने खुणा करा. मग टेपने सरळ अंतरे आणि कर्ण मोजा. दोन्ही बाजूंची सरळ अंतरे जुळली नाहीत तर एक्सल तिरका आहे. ती जुळली पण कर्ण जुळले नाहीत तर तो बाजूला सरकला आहे. पुढच्या एक्सलचेही असेच मोजमाप करा. एक्सल जागेवर आणून यू बोल्ट टप्प्याटप्प्याने, समोरासमोरच्या जोडीने आवळा आणि भार घेऊन थोडे अंतर चालवल्यावर पुन्हा एकदा आवळा. हे होण्यापूर्वी कोणी ड्रॅग लिंक फिरवून स्टिअरिंग सरळ करून दिले, तर मागचे टायर झिजत राहतील आणि कारण कोणाला दिसणार नाही.

प्रश्न : माझ्या पिकअपलाही हाच त्रास आहे, पण त्यात ड्रॅग लिंक सापडत नाही.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आपल्या गाडीत रॅक आणि पिनियनचे स्टिअरिंग असेल. त्यात दोन्ही चाकांना वेगळे टाय रॉड असतात आणि स्टिअरिंग मध्यावर पक्के धरून दोन्ही बाजूंचे टाय रॉड जुळवावे लागतात. टो बरोबर असेल तर एक जितका लांब कराल तितकाच दुसरा आखूड करा, म्हणजे टो न बदलता स्टिअरिंग सरळ होईल. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर काम झाल्यावर मध्याची नोंद स्कॅनरने पुन्हा करून घ्यावी लागू शकते. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर त्याला घरी हात लावू नका.

प्रश्न : आमच्या घरच्या दोन ट्रकांचा हिशेब आणि देखभाल मी पाहते. अलाइनमेंट केंद्रावर चालक गाडी नेतात आणि बिल घेऊन येतात. काम खरेच नीट झाले की नाही, हे मला बिलावरून कसे कळावे?
— एक वाचक भगिनी, धाराशिव

उत्तर : ताई, नुसत्या बिलावरून ते कळणार नाही. कामाआधीची आणि नंतरची मापे असलेला कागद मागून घेण्यास चालकांना सांगा. त्यावर टो, दोन्ही बाजूंचे कॅस्टर व कँबर (चाकाचा आत किंवा बाहेर असणारा कल) आणि मागच्या एक्सलचा कोन हे आकडे असावेत. फक्त पुढच्या चाकांची मापे असतील तर मागचा एक्सल तपासलेला नाही असे समजावे. अखंड एक्सलच्या ट्रकमध्ये कँबर साध्या पान्याने बदलत नाही, तेव्हा कामानंतर कँबरचे आकडे मोठ्या प्रमाणात बदललेले दिसले, तर मोजणीत काहीतरी चुकले आहे किंवा एक्सल वाकवला आहे, आणि दोन्हीपैकी काय झाले ते विचारायला हवे. टोचे योग्य माप आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील असावे, दुसऱ्या कंपनीच्या ट्रकचे चालत नाही. ते माप रिकाम्या गाडीचे आहे की भरलेल्या, हेही पुस्तिकेत पाहून ठेवा.

काम सुरू होण्यापूर्वी तीन गोष्टी व्हायला हव्यात: टायरांतील हवा ठरलेल्या मापाला आणणे, सैल जोड तपासणे आणि स्टिअरिंग गिअरबॉक्सच्या मध्यावर आणून क्लॅम्पने बांधणे. तिसरी गोष्ट टाळली जाते, म्हणूनच स्टिअरिंग वाकडे राहिल्याच्या इतक्या तक्रारी येतात. काम झाल्यावर चालकाने केंद्राच्या माणसाला शेजारी बसवून गाडी सपाट रस्त्यावर चालवून पाहावी आणि दांडा आडवा असल्याची खात्री झाल्यावरच पैसे द्यावेत. वाकडा असेल तर ड्रॅग लिंक जुळवून देणे हा त्याच कामाचा भाग आहे, त्याचे वेगळे पैसे लावले जात असतील तर तसे आधी ठरलेले असले पाहिजे.

अलाइनमेंट किती किलोमीटरनंतर करावे यासाठी पुस्तिकेतील आकडा पाळा, पण पुढचे टायर, किंगपिन, टाय रॉड एंड किंवा पाटे बदलले, अथवा गाडी मोठ्या खड्ड्यात जोराने आदळली, तर त्या आकड्याची वाट पाहू नका. दोन्ही ट्रकांसाठी एक वही ठेवा आणि मापांचे कागद तारखेसह तिच्यात लावा. पुढच्या वेळी टो पुन्हा तेवढाच बिघडलेला निघाला, तर तो पुन्हा बसवण्याआधी टाय रॉड एंड आणि किंगपिन उघडून पाहण्यास सांगा.